परदेशी ऑनर सोसायटीचं सदस्यत्व पैसे भरून घ्यावं का? सोलापूर विद्यापीठात असं काही असतं का?

भरू नका. हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल.

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुढे एम.एस.साठी अमेरिकेला जायचा विचार आहे, आणि एका ‘आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटी’चा मेल आलाय: तुमची निवड झाली, आठवड्याभरात डॉलरमध्ये शुल्क भरा, प्रमाणपत्र आणि पदक घरपोच. मी इथल्याच एका महाविद्यालयात शिकवतो आणि विद्यार्थी विकासाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. असले मेल घेऊन मुलं स्टाफरूमच्या दारात उभी राहतात, त्यामुळे विषय ओळखीचा आहे.

ऑनर सोसायटी, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांना निवडून सदस्य करून घेणारी संघटना, हा प्रकार मुळात खोटा नाही. अमेरिकेत त्याला मोठी परंपरा आहे. फाय बीटा कप्पा ही सगळ्यांत जुनी, ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेली. इंजिनिअरिंगवाल्यांची टाऊ बीटा पाय १८८५ ची, संशोधकांची सिग्मा झाय १८८६ ची. यांचं काम चालतं ते चॅप्टरवर, म्हणजे त्या त्या विद्यापीठातल्या शाखेवर. तिथले प्राध्यापक आणि जुने सदस्य निकाल बघतात आणि वरच्या मुलांना बोलावतात. टाऊ बीटा पायला तिसऱ्या वर्षाची वरची एक अष्टमांश मुलं पात्र धरतात आणि शेवटच्या वर्षाची वरची एक पंचमांश. फाय बीटा कप्पाला तर अर्ज करायची सोयच नाही, बोलावणं आलं तरच जायचं.

शुल्क खऱ्या सोसायट्याही घेतात. तेव्हा ‘पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ असं मी म्हणणार नाही. बघायचं ते वेगळंच. तुम्हाला निवडलं कोणी? तुमच्या कॉलेजात त्यांची शाखा नाही, तुमच्या सरांना त्यांनी विचारलेलं नाही, तुमचं गुणपत्रक त्यांनी पाहिलेलं नाही. मेल परत उघडा. त्यात तुमचा विषय, सेमिस्टर, मार्क यांतलं काही आहे का? बहुतेक नुसतं नाव असेल, तेही कुठल्या तरी वेबिनारच्या फॉर्मवरून उचललेलं. ज्याने आपले मार्कच बघितले नाहीत, तो गुणवत्तेचं प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देणार? आणखी एक खात्री करून घ्यायची असेल तर अमेरिकेत या सोसायट्यांची शिखर संघटना आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज, १९२५ पासूनची. तिच्या सदस्य यादीत नाव आहे का ते बघा. अर्थात यादीत नाव असलं, तरी तुमच्या कॉलेजात शाखा नसताना त्या सदस्यत्वाचं करणार काय, हा प्रश्न राहतोच.

आता आपल्याकडे काय आहे ते. फाय बीटा कप्पासारखी ग्रीक अक्षरांच्या नावाची सोसायटी सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत माझ्या बघण्यात नाही. पण प्रवेश देणाऱ्याला जे हवं असतं, म्हणजे ‘ही मुलगी तिच्या बरोबरच्यांत कुठे बसते’ याचा शिक्कामोर्तब पुरावा, तो इथे मिळतो. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलात तर रँक सर्टिफिकेट मागून घ्या. पदवीदान समारंभात विषयवार सुवर्णपदकं असतात, त्यांचे निकष आत्ताच वाचून ठेवा, शेवटच्या सेमिस्टरला वाचून उपयोग नाही. कॉलेज स्वायत्त असेल तर गुणपत्रक कॉलेज देतं आणि पदवी विद्यापीठ, म्हणून कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो ते आधी विचारा. ‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, तिच्यासाठी कॉलेजातून नाव जातं. एखादा छोटा प्रकल्प मनापासून केलात तर शिफारसपत्र लिहिणाऱ्या मॅडमना लिहायला काही तरी हाताशी येतं. नाहीतर त्याही बिचाऱ्या ‘प्रामाणिक व कष्टाळू’ लिहून मोकळ्या होतात.

चौथ्या वर्षाचाही विचार करा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना एम.एस.साठी चार वर्षांची पदवी हवी असते, त्यामुळे तुमच्या बाबतीत पदकापेक्षा हे कितीतरी जवळचं. तुमच्या विषयाला चौथं वर्ष तुमच्याच कॉलेजात आहे का, एवढं या आठवड्यात विचारून या.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, आई विड्या वळते आणि शुल्काचे पैसे ती उसने आणेल. खरं सांगायचं तर एवढं लांब उत्तर मी त्या वाक्यामुळेच लिहितोय. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पदवीला वर्षाला ६,००० रुपये, व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. आईची किमान सहा महिन्यांची नोकरी लागते, ठेकेदारामार्फत काम असलं तरी चालतं, आणि घरचं महिन्याचं उत्पन्न १०,००० च्या आत असावं लागतं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. कागदांत मुख्य म्हणजे आईचं विडी कामगार ओळखपत्र. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत हे कार्ड दवाखान्याच्या कागदांबरोबर पिशवीत पडून असतं आणि मुलांना वाटतं ते फक्त दवाखान्यापुरतं. एक अट मात्र ध्यानात घ्या: दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कुठली योजना बसते, त्यात किती मिळतात, हे कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि मग एक धरा.

महाडीबीटीचं म्हणाल तर अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे खात्याकडे. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला की अर्ज परत तुमच्याकडे येतो आणि तुम्ही पोर्टल उघडलंच नाही तर तो तसाच पडून राहतो. पैसे जातात ते आधारला जोडलेल्या खात्यात, तुमच्या डोळ्यांसमोर जे पासबुक आहे त्यात जातीलच असं नाही. शाळेत असताना गावाकडच्या बँकेत उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असतं आणि मुलगी इथे रोज नवीन पासबुक भरून आणते. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

बाकीच्या सोयी थोडक्यात. कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजना असेल तर ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत तासावर काम मिळतं. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतून मुलं राबून शिकली, ती परंपरा ही, यात कमीपणा अजिबात नाही आणि परदेशी अर्जातही हे काम लिहिता येतं. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. शिबिराला लोक नाकं मुरडतात, पण गावात सात दिवस राहून पाण्याचा सर्व्हे केलेली मुलं मुलाखतीत जे बोलतात ते पाठ केलेलं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

शिष्यवृत्ती कॉलेजात अडवली, कागद दिले नाहीत, जादा शुल्क मागितलं, तर लेखी तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अपील. अर्जाची एक प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका, कारकून ‘राहू द्या हो मॅडम, सरांना सांगतो’ म्हणाले तरी. अभ्यासाचं, घरचं ओझं झेपेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आपलं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे म्हणून त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. २००४ च्या आधी आम्ही शिवाजी विद्यापीठात होतो. मार्कलिस्टवरचं नाव दुरुस्त करायला रात्रीच्या गाडीने कोल्हापूर गाठायचं, खिडकीवर ‘उद्या या’ ऐकायचं आणि ओळखीच्यांकडे मुक्काम टाकायचा. आता केगावला विद्यापीठाच्या आवारात जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. विद्यार्थी विकास विभाग, परीक्षा विभाग सगळं तिथेच. ट्रान्सक्रिप्टही, म्हणजे परदेशी अर्जाला लागणारा सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा, तिथूनच मिळेल, मात्र त्याला दिवस लागतात, अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या तोंडावर धावाधाव नको.

त्या मेलला उत्तर देऊ नका. कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेला आजच कळवून कार्ड बंद करा. आणि आईचं ओळखपत्र शोधून त्यावरचं नाव तुमच्या आधारकार्डावरच्या आईच्या नावाशी, किंवा दाखल्यावर असेल त्या नावाशी, जुळतं का बघा. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं, आणि अर्ज नेमका तिथे अडकतो. जुळत नसेल तर काय कागद करावे लागतील ते खाली विचारा, सांगेन.