झेडपीच्या शाळेतला पोषण आहार मुलीला खाऊ द्यावा, की घरून डबा द्यावा?

तुमची मुलगी जूनपासून करवीर तालुक्यातल्या झेडपी शाळेत पहिलीला जाणार आहे. तिला शाळेतली खिचडी खाऊ द्यावी का, आणि त्यानं तब्येतीत नि अभ्यासात खरंच काही फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय.

माझी दोन्ही पोरं अशाच शाळेत शिकली आणि सध्या मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. माझं म्हणणं सरळ आहे. डबा देऊ नका, तिला पंगतीत बसू द्या. आणि अधूनमधून दुपारी तुम्ही स्वतः शाळेत जा.

ऊसपट्ट्यातल्या आमच्या गावात सकाळी धारा काढून झाल्या की बायका भांगलायला जातात. पोरगं चहात बटर बुडवून खातं आणि दप्तर उचलतं. त्या पोराच्या दिवसातलं पहिलं धड जेवण म्हणजे शाळेतली दुपारची पंगत. पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल ठरलेलं आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहा वर्षांच्या पोराची दिवसभराची साधारण तिसरा हिस्सा गरज त्यात भागते. बाकीची घरीच भागवायची आहे, त्यामुळं शाळेत जेवली म्हणून रात्रीच्या ताटातलं काही कमी करू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर देशभरातल्या मुलांच्या चाचण्या तपासून झालेला एक अभ्यास आहे. पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी जास्त होते. 2021 साली छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात त्याहून मोठी गोष्ट दिसली. लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली पुढं आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंचीही वयाच्या मानानं चांगली भरली. मुलीच्या बाबतीत तर हा विचार आवर्जून करावा.

आता तांदळाबद्दल, कारण गावात गेलात की पहिली हीच शंका कानावर येईल. शाळेच्या तांदळात मधूनच थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात आणि धुताना त्यातले काही पाण्यावर तरंगतात. त्यावरून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी ओरड होते. प्लास्टिक वगैरे काही नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून ते दाणे पाडतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. आमच्या स्वयंपाकीताई आधी ते वेचून टाकायच्या. आता त्या तांदूळ हलक्या हातानं धुतात आणि वर आलेले दाणे पाण्याबरोबर जाऊ देत नाहीत. पोरांचं रक्त कमी असतं ही घरोघरची तक्रार आहे, आणि तिच्यावरचा इलाज आपण मोरीत ओतायचो.

उणीव आहे ती अंड्याची. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. जिथं लोकांच्या हातात पैसा आहे तिथं लोकसहभाग जमतोही, पण गगनबावड्याच्या एखाद्या वाडीनं तो कुठून आणायचा? शिजवणाऱ्या बाईला महिन्याला दोन-अडीच हजार मानधन मिळतं, तेही वेळेवर मिळेलच असं नाही. तरी पोरं वरण कमी घेतात म्हणून शेवग्याचा पाला बारीक चिरून खिचडीत घालायचं तिलाच सुचतं.

डबा नको म्हणण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. ज्या शाळेत बऱ्या घरची पोरं डबे घेऊन येतात, तिथं पातेल्यात काय शिजतंय हे बघायला कुणीच येत नाही. मग डाळ पातळ होते आणि भाजी नावापुरती उरते. वाढण्याआधी शिक्षकांनी आणि एखाद्या पालकानं जेवण चाखून चव रजिस्टरमध्ये सही करायची असते. तुमचं लेकरू तेच खाणार असेल तर तुम्ही जाल, चाखाल, मीठ जास्त झालं तर बोलाल, आणि त्याचा फायदा सगळ्या पंगतीला होईल. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, खेड्यातल्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. पोटाची सोय झाल्याशिवाय पोर शिकत नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं पटवून द्यायला नको.

शाळा सुरू झाली की पालकसभेला जा. समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, तेव्हा घरातल्या बाईचं नाव जरूर द्या. मुलीला एखादा पदार्थ सोसत नसेल तर वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी लिहून द्या. आणि फेब्रुवारीत जंताची गोळी देतात त्या दिवशी शाळा चुकवू नका.