शिकणाऱ्याची अडचण नेमकी कुठे आहे?

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आली आहेत : प्रोग्रामिंग किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखे अवघड तांत्रिक कौशल्य नव्याने शिकणाऱ्याला जाणत्या माणसाने मदत कशी करावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना मी फावल्या वेळात मदत करतो. कोणी अडले की शक्य तितके सविस्तर उत्तर देतो, दुरुस्त केलेला पूर्ण प्रोग्रामही लिहून देतो. ते मनापासून आभार मानतात आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ तीच अडचण घेऊन परत येतात. माझे समजावणे कमी पडते, की त्यांचे कष्ट?

उत्तर : आपल्या पत्रावरून दोन्हींपैकी काहीही कमी पडत असावे असे वाटत नाही. कमी पडते ती उत्तराआधीची विचारपूस. समोरच्याच्या मनात त्या गोष्टीविषयी कोणती समजूत आहे, हे कळण्याआधीच आपले उत्तर तयार झालेले असते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. प्रोग्राममध्ये तीन ओळी आहेत : पहिली ‘क = ५’, दुसरी ‘ख = क + २’ आणि तिसरी ‘क = १०’. तिन्ही ओळी क्रमाने चालून झाल्यावर ‘ख’ची किंमत किती, असे नवशिक्याला विचारून पाहा. प्रचलित प्रोग्रामिंग भाषांपैकी बहुतेक भाषांमध्ये ती ७ असते, परंतु १२ असे ठामपणे सांगणारे शिकाऊ आपल्याला नक्की भेटतील. हा निष्काळजीपणा नव्हे. शाळेतल्या गणितात ‘=’ हे चिन्ह दोन बाजूंमधली कायमची समानता सांगते, आणि स्प्रेडशीटमध्ये एका चौकटीतला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली दुसरी चौकट आपोआप बदलते. या दोन्ही अनुभवांतून आलेल्या माणसाच्या दृष्टीने १२ हेच सुसंगत उत्तर आहे. उजव्या बाजूचा हिशेब ती ओळ चालते त्या वेळी एकदाच होतो आणि आलेली किंमत डावीकडच्या नावाखाली साठवली जाते, एवढे एकच त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा माणसाला दुरुस्त प्रोग्राम दिला तर प्रोग्राम चालू लागतो, पण समजूत जागच्या जागी राहते आणि पुढच्या प्रोग्राममध्ये वेगळ्या रूपाने चूक होऊन बाहेर येते. ‘जवळजवळ तीच अडचण’ आपल्यापुढे पुन्हा पुन्हा येते ती यामुळे.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : ही ओळ चालल्यावर काय होईल असे तुम्हाला वाटले होते, आणि प्रत्यक्षात काय झाले? या दोन उत्तरांमधल्या अंतरातच अडचण असते. अनेकदा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता देताच शिकणाऱ्याला स्वतःची चूक दिसते, आणि तशी दिसलेली चूक त्याच्या लक्षात अधिक पक्की राहते.

जाणत्या माणसाला हे विचारावेसे का वाटत नाही, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडीसाठी एक प्रयोग केला होता. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे, असे त्याचे स्वरूप होते. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्यापर्यंत मात्र नुसती टकटक पोहोचते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. खऱ्या डावातला पट ५ सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडू नवख्यापेक्षा त्यावरच्या कितीतरी अधिक सोंगट्या अचूक मांडू शकत असे. सोंगट्या वाटेल तशा विखरून मांडल्या की मात्र तो आणि नवखा यांच्यातला फरक जवळजवळ उरत नसे. याचा अर्थ निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती असामान्य होती असा नसून, त्याला सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीच्या रचना दिसत होत्या असा आहे. चूक दाखवणाऱ्या संदेशाच्या वीस ओळी स्क्रीनवर उमटल्यावर त्यातली कामाची एकच ओळ आपल्याला तत्काळ दिसते, पण नवशिक्याला वीसच्या वीस ओळी सारख्याच महत्त्वाच्या आणि सारख्याच भीतीदायक वाटतात. तेव्हा त्या संदेशातली नेमकी कोणती ओळ वाचायची आणि बाकीच्या आज का सोडायच्या, हे दाखवणे ही दुरुस्त प्रोग्राम देण्यापेक्षा मोठी मदत आहे.

प्रश्न : मी याच्या अगदी उलट वागते. पूर्ण उत्तर कधीच देत नाही, फक्त दिशा दाखवते, कारण स्वतः शोधलेलेच टिकते असे मला वाटते. परंतु अनेक जण मध्येच शिकणे सोडून देतात. माझी पद्धत कठोर आहे का?

उत्तर : आपला हेतू योग्य आहे; पद्धत कोणत्या टप्प्यावर वापरावी, एवढाच प्रश्न आहे. अगदी नव्या माणसाला नुसती दिशा पुरत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवून दिले की सुरुवातीच्या काळात सगळी उदाहरणे स्वतःच सोडवत बसण्यापेक्षा, पायरी-पायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासून अधिक चांगले शिकता येते. एका वेळी मनात धरता येतील अशा नव्या गोष्टी मोजक्याच असतात, आणि नवशिक्याची ती सगळी क्षमता वाट शोधण्यातच खर्च झाली तर वाट लक्षात ठेवायला काही उरत नाही.

मात्र हा आधार हळूहळू काढून घ्यायला हवा. समजा, एलईडीसाठी रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) कसा निवडायचा हे शिकवायचे आहे. पहिले उदाहरण आपण पूर्ण सोडवून दाखवावे : पुरवठा ५ व्होल्टचा, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणून रेझिस्टरवर ३ व्होल्ट उरतात, १५ मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर ३ भागिले ०.०१५ म्हणजे २०० ओहम, आणि बाजारात सहज मिळणारी त्याच्या वरची किंमत २२० ओहम. दुसऱ्या उदाहरणात पुरवठा ९ व्होल्टचा घ्यावा, वजाबाकीपर्यंत आपण यावे आणि भागाकार व निवड शिकणाऱ्यावर सोपवावी. तिसऱ्यात फक्त आकडे द्यावेत. चौथ्यात तर एलईडीच्या माहितीपत्रकातून व्होल्टेज शोधण्यापासून सगळे त्याचे त्याला करू द्यावे. या टप्प्यावर आपली पद्धत अगदी योग्य ठरते, कारण बऱ्यापैकी जाण आलेल्या माणसाला सोडवून दिलेली उदाहरणे उपयोगी पडत नाहीत, उलट काही वेळा अडथळाच करतात. स्लाव्हा काल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याची सविस्तर मांडणी केली आहे. इशारा कधी द्यावा याविषयी माझे स्वतःचे मत असे आहे की, शिकणारा निरनिराळे प्रयत्न करत असेल तोवर थांबावे आणि तोच प्रयत्न तो पुन्हा पुन्हा करू लागला की पुढे व्हावे. घड्याळापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे.

प्रश्न : मी शिकणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मायक्रोकंट्रोलर (उपकरणे चालवणारी, प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) शिकतो आहे. मी विचारलेल्या प्रश्नावर मदत करणारे उलट मलाच प्रश्न विचारतात. प्रोग्राम अर्धा सेकंद कसा थांबवायचा, एवढेच मला हवे होते. सरळ उत्तर का मिळत नाही?

उत्तर : अर्धा सेकंद थांबण्याची गरज आपल्याला का भासली, हे पत्रात शेवटी एका ओळीत आले आहे : बटण एकदा दाबले तरी मोजणी तीन-चारने वाढते. खरा प्रश्न तो आहे. बटण दाबल्यावर आतले धातूचे संपर्क एका झटक्यात स्थिर होत नाहीत. काही मिलिसेकंद ते आपटून उडत राहतात आणि मायक्रोकंट्रोलर इतका वेगवान असतो की त्यातली प्रत्येक उडी त्याला वेगळे दाबणे वाटते. अर्धा सेकंद थांबल्याने लक्षण झाकले जाईल, परंतु तेवढ्या वेळात प्रोग्रामला दुसरे काही करता येणार नाही आणि बटण खरोखर दोनदा भरभर दाबले तर दुसरे दाबणे हुकेल. बटणाची स्थिती सलग २० मिलिसेकंदांच्या आसपास बदलली नाही तरच ती ग्राह्य धरावी, हा उपाय त्यापेक्षा चांगला आहे. आपल्याला उलट प्रश्न विचारणारे बहुधा इथेच पोहोचण्याचा प्रयत्न करत होते.

यापुढे मदत मागताना काय साधायचे आहे, काय केले, काय घडायला हवे होते आणि काय घडले, हे चारही सांगावे. चूक दाखवणारा संदेश आठवून न सांगता जसाच्या तसा द्यावा. शिवाय प्रोग्राममधला असंबद्ध भाग काढत काढत, अडचण शिल्लक राहील असा सर्वांत छोटा प्रोग्राम तयार करावा. हे काम कंटाळवाणे असले तरी निम्मे शिकणे त्यातच होते, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : तेच ते प्राथमिक प्रश्न ऐकून उबग येतो. ‘आधी मॅन्युअल वाचा’ असे सांगणे चूक आहे का?

उत्तर : एवढेच सांगून थांबणे चूक आहे. कोणता भाग, त्यात काय शोधायचे आणि कोणती प्रकरणे आज वगळायची, हे सांगितले तर मॅन्युअलकडे पाठवणे ही उत्तम मदत ठरते, कारण माहितीपत्रक वाचता येणे हेही एक कौशल्यच आहे आणि तेही शिकवावे लागते. उबग फारच आला असेल तर त्या दिवशी उत्तर देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. नवखा माणूस एका तुसड्या उत्तराने पुढचे दहा प्रश्न मनातच ठेवतो.

प्रश्न : सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने विजेचे भाग जोडणे) शब्दांत समजावून सांगितले तरी शिकणाऱ्यांचे जोड ड्राय सोल्डर होतात, म्हणजे वरून जोडलेले दिसले तरी नीट चिकटलेले नसतात. काय करावे?

उत्तर : समजावणे थांबवून त्यांना आपल्यासमोर एक जोड करायला सांगावे आणि हाताकडे पाहावे. बहुधा असे दिसेल की ते सोल्डरची तार सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर वितळवतात आणि तो थेंब जोडावर नेऊन चिकटवतात. तारेच्या आतला फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ) तोवर टोकावरच जळून जातो आणि थंड तांब्यावर सोल्डर पसरत नाही. आयर्नचे टोक बोर्डावरचे पॅड (तांब्याचा छोटा ठिपका) आणि जोडायच्या भागाचा पाय या दोघांनाही एकदम टेकवायचे, दोन्ही तापू द्यायचे आणि मग तार टोकाला न लावता जोडाला लावायची, हा क्रम आपल्या हाताला इतका सवयीचा झालेला असतो की सांगताना तो निसटतो. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेला सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. जोड स्वतः त्याहून अधिक तापला असेल तरच सोल्डर त्यावर नीट पसरतो, हे कारणही सोबत सांगावे. त्यानंतर टाकाऊ बोर्डावर ओळीने जोड करू द्यावेत आणि आपण मत देण्याआधी त्यांतले चांगले कोणते व वाईट कोणते, हे त्यांनाच भिंगाखाली पाहून वेगळे करायला लावावे.