वाचकांचे प्रश्न : पटकथेच्या पानावर काय लिहावे, काय गाळावे

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो आणि गेली बारा वर्षे स्पर्धांसाठी एकांकिका लिहीत आलो आहे. यंदा प्रथमच बेळगावातील वडगावच्या एका विणकर कुटुंबावर पटकथा लिहिली. ती १६४ पानांची झाली. एका निर्मात्याच्या कार्यालयातून ती ‘मांडणी सुधारून, निम्मी करून पाठवा’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली. मांडणी हा केवळ टंकलेखनाचा भाग नाही का? आणि निम्मी करायची म्हणजे नेमके काय काढायचे?

उत्तर : मांडणी हा केवळ टंकलेखनाचा भाग असता, तर ती डीटीपी करणाऱ्याकडे सोपवून आपल्याला मोकळे होता आले असते. एकांकिका दिग्दर्शक आणि नट वाचतात, आणि ते बहुधा आपल्या ओळखीचे असतात. पटकथा मात्र आपल्याला कधीच न भेटणारी माणसेही वाचतात. सहायक दिग्दर्शक तिच्यावरून चित्रीकरणाचे दिवस लावतो, कलादिग्दर्शक वस्तूंची यादी काढतो, वेशभूषाकार कपड्यांचे जोड मोजतो. यांतला प्रत्येक जण पानावर आपल्या कामाची ओळ शोधत असतो, आणि ती ठरलेल्या जागी सापडावी एवढ्यासाठीच ही मांडणी रूढ झाली आहे.

सर्वांत अधिक काळजी दृश्यशीर्षकाची घ्यावी. त्यात तीनच गोष्टी असतात : आत की बाहेर, कोणती जागा, कोणती वेळ. चित्रपटसृष्टीत ‘इंट.’ आणि ‘एक्स्ट.’ लिहिण्याचा प्रघात आहे. ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहिले तरी काही बिघडत नाही, मात्र जे धराल ते शेवटपर्यंत धरावे. जागेच्या नावाचेही तसेच आहे. पुनरुक्ती टाळावी हा लेखनाचा संस्कार आपल्यावर शाळेपासून झालेला असतो, पण येथे तो नडतो. पहिल्या दृश्यात ‘मागाची खोली’, नवव्यात ‘विणकामाची खोली’ आणि तिसाव्यात ‘दत्तोबांचे मागघर’ असे लिहिले, तर यादी करणारा तीन वेगळ्या जागा धरून चालतो. वेळ लिहिताना तर शब्द जपूनच वापरावा. ‘बाहेर. खानापूर स्टेशन – पहाट’ हे वाचायला सुंदर वाटते, पण पहाटेचा तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो आणि तेवढ्यात दृश्य पुरे झाले नाही, तर सारा ताफा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे न्यावा लागतो. कथेला पहाटच हवी असेल तर अवश्य लिहावी, नाही तर ‘सकाळ’ पुरते. पावसाचेही असेच आहे. जांबोटी–कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्या आपल्याला पाऊस हा जुलैचा नित्याचा भाग वाटतो. पण ‘पाऊस पडतो आहे’ या तीन शब्दांसाठी चित्रीकरणाच्या दिवशी पाण्याचे टँकर उभे करावे लागतात. ओळ आखूड आहे म्हणून ती हलकी असतेच असे नाही.

आता काय काढायचे ते पाहू. आपण सोबत पाठवलेल्या पानांतील एक उतारा असा आहे : ‘ज्या मागाने तीस वर्षे घर पोसले, तो माग आता विकला जाणार या विचाराने दत्तोबांच्या मनात आठवणींचे काहूर माजले होते. मुलाला काय उत्तर द्यावे, हे त्यांना उमगत नव्हते. आपला बाप या क्षणी काय म्हणाला असता, असे त्यांना वाटून गेले.’ कादंबरीत हे शोभेल. पडद्यावर यातले काहीही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यामुळे नटाला काय करायचे ते कळत नाही आणि छायालेखकाला कशाकडे पाहायचे ते कळत नाही. तोच प्रसंग असा लिहून पाहिला :

आत. दत्तोबांचे घर, मागाची खोली – रात्र

माग बंद. दत्तोबा (६०) अर्धवट विणलेल्या साडीच्या काठावरून अंगठा फिरवतात. एक धागा तुटलेला आहे. ते वाकून गाठ मारतात.

बाहेर मोटारसायकल थांबते.

दत्तोबा दिवा घालवतात.

ओळी कमी झाल्या, पण प्रसंगातले काही हरवले असे मला वाटत नाही. विकायच्या मागावरचा तुटलेला धागा माणूस जोडतो, यातच त्याचे मन कळते. आणि मुलाची चाहूल लागताच दिवा घालवतो, यात त्याचे उत्तरही आहे. क्रियापदे सगळी वर्तमानकाळी ठेवली, कारण पटकथेत सारे आत्ता, डोळ्यांसमोर घडत असते. मोटारसायकल स्वतंत्र ओळीवर ठेवली, म्हणजे वाचणाऱ्याची नजर खोलीतून बाहेर जाते. त्यासाठी ‘कॅमेरा दाराकडे वळतो’ असे लिहावे लागत नाही. कृतीचा परिच्छेद तीन-चार ओळींहून वाढू लागला की तो तोडावा, किंवा त्यात एखाद्या पात्राचे मन शिरले आहे का ते तपासावे. बहुधा शिरलेले असते.

संवादांत आपली एकांकिकेची सवय दिसते. रंगमंचावर पात्र येते, बसते, पाणी मागते, आणि मग विषय निघतो. प्रेक्षकालाही तेवढा वेळ हवा असतो. चित्रपटात दृश्य शक्य तितके उशिरा सुरू करावे आणि काम होताच सोडावे. आपली पंधरा-वीस दृश्ये ‘काय, कधी आलास?’ येथून सुरू होतात. तेवढ्या ओळी खोडून दृश्य पुन्हा वाचावे. बहुतेक ठिकाणी त्यांची आठवणही येणार नाही. ‘रागाने’, ‘दुःखाने’ अशा कंसांतील सूचनाही काढाव्यात. शब्दांतच राग असेल तर नटाला तो सापडतो.

‘निम्मी’ हा शब्द मात्र शब्दशः घेऊ नये. त्याचे कारण शेवटच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : माझी पटकथा निपाणीच्या तंबाखू वखारीत घडते. तेथील माणसे एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड बोलतात. कन्नड संवाद कसे लिहावेत?

उत्तर : जसे बोलले जातात तसेच, देवनागरीत लिहावेत, आणि लगेच खालच्या ओळीत कंसात मराठी अर्थ द्यावा. ‘ऊटा आतेनरी?’ हे आपल्याला कळते, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्याखाली ‘(जेवण झाले का?)’ हवे. अख्खे दृश्य कन्नडमध्ये असेल तर प्रत्येक ओळीला अर्थ जोडून पान भरू नये. दृश्याच्या आरंभी ‘या दृश्यातील संवाद कन्नडमध्ये’ असे एकदा नमूद करून संवाद मराठीत लिहावेत. बोलीचे भान येथे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडचे ‘काय करुलास?’ हे ‘काय करतो आहेस?’ असे प्रमाण करून टाकू नये, ही माझी आग्रहाची विनंती. त्यात या सीमाभागाचा सूर आहे, आणि तो पानावरच गेला तर नट तो कोठून आणणार? मात्र माणूस भाषा का बदलतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे. मुकादम हिशेब सांगताना मराठीत बोलतो आणि बाईवर डाफरताना कन्नडवर येतो, असे असेल तर तो बदल हीच एक कृती आहे आणि ती ओळ मुळीच कापू नये.

प्रश्न : ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा नियम मराठी पटकथेला लागू पडतो का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर : जसाच्या तसा लागू पडत नाही. हा ठोकताळा इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या हिशेबाने बसला आहे. १२ पॉइंटच्या कुरियर अक्षरात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असते, एका इंचात १० अक्षरे आणि ६ ओळी बसतात, डावा समास दीड इंचाचा असतो, आणि संवाद मधल्या अरुंद पट्टीत येतात. त्यामुळे कोणाचेही पान साधारण सारखेच भरते आणि ९० ते १२० पानांवरून चित्रपटाच्या लांबीचा अंदाज बांधता येतो. देवनागरीत ‘र’ आणि ‘क्ष’ यांची रुंदी सारखी नसते, वर वेलांटी आणि खाली उकार यांसाठी ओळींत अंतर वाढवावे लागते, आणि फाँट बदलला की तोच मजकूर दहा-वीस पानांनी फुगतो किंवा आटतो. खानापूरच्या लेखकांची १६४ पाने म्हणूनच १६४ मिनिटे ठरत नाहीत. आपण घड्याळ लावून दहा पाने मोठ्याने वाचावीत, न बोलता घडणाऱ्या कृतीला मनात तेवढा वेळ द्यावा, आणि त्यावरून आपल्या पानाचे माप स्वतः काढावे. एकदा फाँट आणि समास ठरले की प्रत्येक खर्ड्यात तेच ठेवावेत. फाँट युनिकोडच असावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. पाठवताना पीडीएफ पाठवावी. पहिल्या पानावर शीर्षक, आपले नाव, संपर्क आणि खर्ड्याची तारीख एवढेच द्यावे. दृश्यांना क्रमांक देण्याचे काम चित्रीकरणाची प्रत तयार होईल तेव्हा केले तरी चालते.