आतेने बांधलेली गाठ

"मॅडम, आतेचा आवाज माझ्या डोक्यातून गेलाय."

कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्यावर संध्याताईंचं हे पहिलं वाक्य. पर्स मांडीवरच होती, पाणी पुढे केलं तेही घेतलं नव्हतं. मार्चचा पहिला आठवडा होता. आते श्रावणात गेलेली, म्हणजे सात महिने होत आलेले. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्यांची हरकत नाही. उलट "लिवा, आतेला आवडलं असतं" म्हणाल्या.)

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. आजीचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. मावशी कशी हाक मारायची तेच आठवत नाही. आणि त्याच्या मागोमाग, जरा खालच्या आवाजात: म्हणजे माझं प्रेमच कमी होतं का?

संध्याताईंचं वय ४१. मालवणच्या बाजूला घरगुती खानावळ चालवतात, पर्यटकांच्या दिवसांत चाळीस-पन्नास पानं उठतात. आते म्हणजे वडलांची मोठी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच, आणि भावाची मुलं तिने वाढवली. संध्याताईंची आई शेतात, मजुरीला. वेणी घालायला, तापात उशाशी बसायला आते. भाऊ पुढे मुंबईला गेला, तेव्हा आतेची शेवटची दोन वर्षं संध्याताईंच्याच घरी गेली. गेली तेव्हा वय ८४.

८४ म्हटल्यावर लोक काय म्हणतात ते आपल्याला पाठ आहे. "सोनं झालं." कुणाची सेवा न घेता गेली, पिकलं पान गळलं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आता रडायचं कारण उरलेलं नाही. संध्याताईंच्या बाबतीत तर वरताण झाली. लग्न झालेली भाची, तिला आतेचं सुतक कितपत, यावरच घरात चर्चा झाली. ज्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घातलं तिचं सुतक आपल्याला आहे की नाही हे दुसरेच ठरवतायत, आणि आपण चुलीपाशी उभं राहून ते ऐकतोय. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये या प्रकारावर लिहिलं. ज्या नात्याला समाज दुःखाचा हक्कच देत नाही, तिथलं दुःख आत साचून राहतं, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे आत्या, मावशी, शेजारची काकी, सांभाळणारी मोलकरीण या सगळ्या त्या रांगेत बसतात.

संध्याताई मात्र आवाजासाठी आल्या नव्हत्या. म्हणजे, आवाजाचं बोलल्या, पण एसटीत बसून एवढं लांब येण्याचं कारण दुसरंच होतं. ते निघायला पाऊण तास लागला. आदल्या आठवड्यात त्यांनी बारा वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

कारण आगळाची बाटली. आगळ म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, मिठात मुरवलेला रस. तो घातल्याशिवाय आमच्याकडे सोलकढी होत नाही. गेल्या मे महिन्यात आतेने सहा बाटल्या भरल्या होत्या. पाच खानावळीत संपल्या. सहावी माळ्याखालच्या फळीवर, डब्यांच्या मागे. मुलाला कढी हवी होती, त्याने स्टुलावर चढून ती काढली आणि तोंडावरचं फडकं सोडायला लागला.

"त्याला काय म्हायत?" एवढंच म्हणून त्या गप्प झाल्या.

इथे माझी एक चूक सांगते. दुसऱ्या भेटीत मी त्यांना सुचवलं, की एखादा दिवस ठरवून, सगळ्यांनी मिळून ती बाटली उघडली तर? आतेच्या आठवणी काढत कढी करू. पुस्तकात हे छान दिसतं. संध्याताईंनी पदर सारखा केला, घड्याळ बघितलं, "मालवण गाडी लागली असेल" म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे तीन आठवडे पत्ता नाही. मी दोनदा फोन उचलला आणि ठेवला. वीस वर्षं हे काम करून मला अजून घाई होते, याचा तेव्हा राग आला होता.

पाडव्यानंतर त्या आल्या. घरी यंदा गुढी नव्हतीच. बसल्या बसल्या मोबाइल पुढे केला. बाटलीचा फोटो. जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा तोंडावर, त्याभोवती तांबडा दोरा आणि दोऱ्याला गाठ. मोठी, वेडीवाकडी, तीन-चारदा गुंडाळून कशीबशी बसवलेली.

संधिवाताने आतेची बोटं वाकडी झाली होती. गाठ मारायला दहा मिनिटं लागली असतील. संध्याताई बाजूला उभ्या. दे मी बांधते, म्हणाल्या. त्यावर आते म्हणाली, "माका जमाचां नाय तेव्हा सांगतलंय."

आणि मी त्यांना बाटली उघडायला सांगत होते. आगळ संपेल याची त्यांना भीती नव्हती, ते तर दर उन्हाळ्यात होतं. ती गाठ सुटली की तशी पुन्हा कुणालाच बांधता येणार नव्हती. मी फोटो मोठा करून बघत राहिले. नंतर माफी मागितली, म्हटलं राहू दे बाटली, जन्मभर राहिली तरी चालेल.

मेलेल्या माणसाच्या वस्तू कवटाळून बसणं म्हणजे दुःखातून बाहेर न येणं, असा एक समज बरीच वर्षं शास्त्रातही होता: धागा तोडा, मन दुसरीकडे लावा, मोकळे व्हा. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघा अभ्यासकांनी त्याच्या उलट मांडलं. माणूस गेल्यावर नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेक लोक ते कुठल्या ना कुठल्या रूपात चालू ठेवूनच नीट जगतात. खरं तर भाद्रपदात म्हाळ घालणाऱ्या, पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे तिघांनी सांगायची गरज नव्हती. पण आपलेच लोक "विसर आता" असंही सांगतात, म्हणून मला त्या तिघांचा आधार घ्यावा लागतो.

त्याच भेटीत त्यांनी मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला, दुःखाच्या पाच पायऱ्यांचा. "मला राग आलाच नाही. मधली पायरी चुकली काय?" मी हसले, त्याही हसल्या. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्या क्रमानेच सगळे दुःख करतात असं नाही, आणि पायरी चुकली म्हणून कुणी नापास होत नाही. मला त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ मधली मांडणी पटते: माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढ्यातल्या कामाकडे, आणि हे येणंजाणं चालू असणं हेच बरं असल्याचं लक्षण. संध्याताई सकाळी मासळीबाजारात बांगड्यांचा भाव करताना हसत, दुपारी तिरफळं ठेचताना त्यांचे डोळे भरत, रात्री हिशोब लिहीत. त्यांना ते ढोंग वाटायचं. मला ते बरोबर चाललेलं वाटलं.

ज्यांना हे येणंजाणं जमत नाही, तेही माझ्याकडे येतात. सहा महिने उलटून गेले तरी रोजचा दिवस ढकलता येत नाही, माणूस गेलं हेच मन मान्य करत नाही, आपणही जावं असं वाटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या लांबलेल्या दुःखाला वेगळं नाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी माझ्यासारखीची किंवा डॉक्टरांची वाट धरावीच. रात्री-अपरात्री असह्य झालं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. संध्याताई त्या गटात नव्हत्या, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकून त्या जरा हिरमुसल्या, असा मला भास झाला. आपलं दुःख पुरेसं मोठं नाही की काय, ही शंका अशी कुठूनही शिरते.

आवाजाचं राहिलंच. आवाज मुद्दाम आठवायला बसलं की बरेचदा येत नाही. आठवणं आणि ओळखणं या मेंदूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याचा आवाज आत्ता कानात आणून बघा, सहज जमेलच असं नाही. पण त्याने कुंपणापलीकडून खाकरलं तरी तुम्ही ओळखाल. संध्याताईंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. आतेचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नव्हता. फोनवर बोलायला ती घाबरायची, कानाला लावला की "हां हां" करून परत द्यायची.

मग मी दहाव्याचं विचारलं. क्रियाकर्म भावाने केलं होतं, मुंबईहून येऊन. पिंडाला कावळा शिवेना. भावाने बागेची काळजी घेऊ म्हटलं, घर मोडणार नाही म्हटलं, कुणी अजून काही म्हटलं. शेवटी दर्भाचा कावळा केला. संध्याताई घरी स्वयंपाकात होत्या, त्यांना हे सगळं मागाहून कळलं.

"तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असतात?"

असे प्रश्न विचारून मी गप्प बसते, त्यातलं बरंचसं फुकट जातं. या वेळी खिडकीबाहेर एक रिक्षा वळून गेली, दुसरी आली. मग त्या मालवणीत बोलल्या, माझ्याशी पहिल्यांदाच.

"रातांबे फुकट घालवचंय नाय, म्हटलं असतंय."

परसातल्या दोन झाडांचे रातांबे. आते असताना एक फळ कुजू द्यायची नाही. सालांची आमसुलं, रसाचं आगळ, बियांचं भिरंडेल, तेच हिवाळ्यात टाचांच्या भेगांना. भावाला हे ठाऊकच नव्हतं, तो काय वचन देणार. मी म्हटलं, मग आता द्या की. तिथे नाही तर झाडाखाली. त्या "बघू" म्हणाल्या. मी पुढे काही बोलले नाही. एवढी अक्कल तोवर आली होती.

मेच्या शेवटी त्या आल्या त्या पिशवी घेऊन. वळवाच्या आधी सगळं आटोपायचं म्हणून खानावळ दोन दिवस बंद ठेवली होती, हे स्वतःहून सांगितलं. नवरा, मुलगा, त्या, तिघं परसात. रातांबे धुतले, पुसले, फोडले. प्रश्न आला मिठाचा. आते मापाने घालत नसे. एक थर रातांब्यांचा, वर मूठभर मीठ, परत थर. संध्याताईंनी तसंच केलं. रोज ढवळलं. आठवड्याने गाळून बोटाने चाखलं तर खारट. नुसतं खारट नाही, तोंड वाकडं होईल असं. कारण त्यांना दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. आतेची मूठ लहान होती. त्यात बोटं वाकडी, मुठीत मावायचं किती.

पण त्या क्षणी, बोट तोंडात असताना, मागून हाक आल्यासारखं झालं.

"मीठ काय फुकट गावलां तुका?"

आतेचाच सूर. शेवटचं अक्षर तसंच ओढलेलं, "काय"वर तसाच हिसका. संध्याताई गर्रकन वळल्या. मुलगा उभा होता, चमचा चाटत. त्याला वाटलं आता परत थोबाडीत बसणार.

तो आतेची नक्कल कायम करायचा. ती असताना तिच्यासमोर करायचा, ती काठी उगारायची. ती गेल्यावर आईला वाईट वाटेल म्हणून त्याने बंद केली होती. नऊ-दहा महिने मायलेक एकाच घरात, एक आवाज शोधतेय आणि दुसरा तोंड मिटून बसलाय. संध्याताई त्याला धरून आधी हसल्या आणि मग इतक्या रडल्या की नवरा विहिरीवरून धावत आला. "मग मी त्याला म्हटलं, आणखी कर," त्या मला सांगत होत्या. "दार लाव गो मांजर येतलां, ते कर. त्याने केलं. मग जेवलंस काय गो, ते केलं. रात्री उशिरापर्यंत तेच."

जुनी बाटली अजून फळीवर आहे, गाठीसकट. श्रावणात वर्षश्राद्धाला भाऊ येईल तेव्हा बघू, असं ठरलंय. भाऊ म्हणतो गाठ न सोडता फडकं अलगद वर सरकवून काढता येईल. मुलगा म्हणतो काढायचंच कशाला, आता नवीन आहे की. संध्याताईंनी अजून दोघांपैकी कुणालाच हो म्हटलेलं नाही.

निघताना त्यांनी पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तोंडाला प्लास्टिकचं साधं बूच, गाठबीठ काही नाही.

"मॅडम, कढी करताना वेगळं मीठ अजिबात घालू नका," म्हणाल्या, "आणि नारळाचं दूध जरा जास्तच घ्या."