साठ शब्द मोजायच्या आधी

अगं,

तुझा रात्री अकराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. तिसरीत चौदा पोरं, त्यातली तीनच मिनिटाला साठ शब्द वाचतायत, फॉर्म शुक्रवारपर्यंत भरून द्यायचाय आणि कुणीतरी तुला सांगितलंय की दहाबारा पोरं 'निपुण', म्हणजे ठरलेलं वाचता येणारी, दाखवून टाक, मागे कटकट राहत नाही. तर पहिलं उत्तर आधीच देते, तीन असतील तर तीनच लिही. तू आज ज्याच्या नावापुढे निपुण लिहिशील त्या पोराकडे उद्यापासून कुणी बघणार नाही गं, ते चौथीत जाईल, मग पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत, आणि तिथले सर म्हणणार याला वाचता येत नाही हे तिसरीत कसं कळलं नाही कुणाला.

ध्येयाला माझा विरोध नाही हां. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक पोराला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे असं ठरलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं, कारण आमच्या वेळी पाठ्यपुस्तक कुठवर आलं एवढंच विचारायचे, पोर कुठवर आलं हे कुणी विचारायचं नाही. पण ध्येयाचं वाक्य नीट वाच. मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून. ते 'अर्थ समजून' सगळे गाळतात आणि मोबाईलवर टायमर लावून बसतात. शिवाय आपल्या मराठीत 'झाडाखालच्या' हा एकच शब्द आणि 'घर' हाही एकच शब्द, मग साठ ते कसले साठ? वेग लागतो हे खरं, कारण जे पोर अक्षराला अक्षर जोडत बसतं ते वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं, त्याला गोष्ट कळणार कशी. म्हणून वेगाकडे लक्ष ठेव, पण वेग शिकवत बसू नकोस, सोपं आणि भरपूर वाचायला दिलंस की तो आपोआप येतो.

आता काम सांगते. एकेका पोराला जवळ घेऊन बस, दिवसाला तीन जमले तरी पुष्कळ. पुस्तकातला धडा अजिबात देऊ नकोस, धडे पाठ असतात त्यांचे, बोट भलतीकडे आणि तोंड पुढच्या ओळीत असतं. स्वतः चार ओळींची गोष्ट लिही, त्यांच्या गावातली, शेळीची, एसटीची, काहीही. ती नाही जमली तर साधी सोपी वाक्यं, ती नाही तर सुटे शब्द, ते नाही तर अक्षरं. कोण कुठे अडतं ते वहीत लिहून ठेव आणि ती वही कुणाला दाखवायची नाही, ती फक्त तुझी.

मी हे उशिरा शिकले. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता, मोत्यासारखं अक्षर, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचा, वही बघून मी रोज छान म्हणायचे. मार्चमधे सहज त्याला त्याच्याच वहीतली ओळ वाच म्हटलं तर तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वर्षभर तो चित्र काढावं तशी अक्षरं काढत होता आणि मला पत्ता नव्हता. म्हणून सांगते, नकललेखनावर विश्वास ठेवू नको.

जी अक्षरावर अडलीयत त्यांना क पासून ज्ञ पर्यंत पुन्हा गिरवायला लावू नकोस. म, क, र, ल आणि काना एवढं घे, त्यात मामा, काका, काम, माळ नाही पण माल, कमाल, लाकाम असले खोटे शब्दसुद्धा, पोरं हसतात आणि हसता हसता वाचतात, कारण खोटा शब्द पाठ करून आणता येत नाही ना. मग वेलांटी, मग उकार. जोडाक्षरांची घाई नको, त्यातही र फार छळतो, सूर्यातला वेगळा, चंद्रातला वेगळा, ट्रकमधला वेगळा आणि कुऱ्हाडीतला आणखी वेगळा, एका दिवशी एकच घे.

गणिताचं मात्र थोडं जास्त लिहिते कारण तिथे आपण पोरांवर फार अन्याय करतो असं मला वाटतं. त्रेसष्ट म्हटलं की पोर ३६ लिहितं. ते चुकलं नाही गं, त्यानं ऐकलं तेच लिहिलं, आधी त्रे ऐकू आला, मग साठ. आणि एकोणतीसमधे तीस ऐकू येतो पण लिहायचे २९, तिसाला एक उणा हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बरं एकोणनव्वदपर्यंत ते एकोण चालतं आणि ९९ ला अचानक नव्व्याण्णव! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढी टिंगल झाली होती. मंगला नारळीकरबाई त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या समजावून सांगत होत्या आणि लोक विनोद पाठवत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं कारण मी अक्कलकोटकडे असताना कानडी बोलणारी पोरं बघितली होती, घरी इप्पत्तोंदु म्हणणारी, म्हणजे वीस-एकच की, आणि शाळेत आली की एकवीस, बावीस, तेवीसवर अडकायची. तू दोन्ही म्हण. साठ आणि तीन, त्रेसष्ट. सत्तर आणि आठ, अठ्ठ्याहत्तर. जुनं नाव टाकायचं नाहीये, त्याला फक्त एक पायरी द्यायचीय.

आणि वजाबाकी. ४२ वजा १७ सगळ्यांना घाल, बऱ्याच जणांचं उत्तर ३५ येईल बघ. लगेच फुली मारू नकोस, कसं केलंस विचार. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, असं सांगेल, म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला कळलंय, कुठल्या संख्येतून कुठली ते नाही. तुमच्याकडे तुराट्या मिळतील, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून कर आणि त्याच्या हातानं एका गठ्ठ्याचं रबर सोडव. दोन सुट्याच्या बारा झाल्या हे त्याला दिसलं पाहिजे, मग हातात पंचवीस काड्या उरल्या की त्यालाच मोजू दे. हे हातानं झाल्याशिवाय फळ्यावर उसना घ्यायला शिकवलंस तर ते नुसतं कर्मकांड होतं. त्याच पोराला आठवडी बाजारात मेथीच्या पंधराच्या तीन जुड्या घेतल्या तर पन्नासातून किती परत द्यायचे विचार, पाच म्हणून तोंडातल्या तोंडात सांगेल. हिशेब येतो त्याला, वहीतला येत नाही.

तुझ्याकडे तिसरी चौथी एकत्र बसतात ना, तर रोज एक तास इयत्ता विसर. जो शब्दावर आहे तो शब्दवाल्यांत बसेल, मग तो चौथीचा का असेना. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं हे वर्षानुवर्षं करून दाखवलंय, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यातल्या बॅनर्जी आणि डफ्लो यांनी त्यांच्याबरोबर मुंबईत आणि वडोदऱ्यात शिकवणीचे प्रयोग तपासले होते. मोठ्या पोराला लहानांत बसायची लाज वाटते तेवढी सांभाळ, त्याला गठ्ठे वाटायचं, गोष्टीची कार्डं सांभाळायचं काम दे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली किती आहेत ते मात्र आत्ताच बघून ठेव, दिवाळीच्या आसपास ती निघून जातील, म्हणून पहिल्यांदा त्यांच्याजवळ बस. जाताना त्यांच्या पिशवीत चार-पाच गोष्टींची कार्डं घालून दे, आणि घरातल्या एकाचा तरी फोन नंबर घेऊन ठेव.

शुक्रवारी फॉर्मवर काही बोलणं झालं तर साहेबांना तीन का ते शांतपणे सांग आणि उरलेल्या अकरा जणांसाठी काय करतेयस तेही सांग. आणि तू लिहिलंयस ना, एक मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, तिला आधी वाचायला लावू नकोस. मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून तुराट्या मोज, मोठ्यानं, आणि मधेच एक आकडा चुकव. रविवारी फोन कर, ती काय म्हणाली ते मला ऐकायचंय.

तुझी बाई