सामूहिक वनहक्क मिळूनही ग्रामसभांचे हात बांधलेले का राहतात?

मूळ अडचण कायद्यांच्या आपसांतील विसंगतीत आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावचा बांबू हे तिचे बोलके उदाहरण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारे लाकडाव्यतिरिक्तचे वनउत्पादन ठरवले, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तो २०१७ पर्यंत झाडांतच, म्हणजे वनखात्याच्या ताब्यातील लाकडात मोडत होता. परिणामी २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळूनही ग्रामसभेला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याकरिता झगडावे लागले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवाने स्वतःच देण्याचे परवानापुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. वस्तू म्हटली तर किरकोळ. पण विक्रीचा पैसा गावात राहिला, तरच राखणदारी आणि वणव्याचा बंदोबस्त ग्रामसभेला परवडतो.