तेच गाणं, 39 वर्षांनी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. ग्रुपमधली सगळी मुलं म्हणतात, अमेरिकन जॅझमधला टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स, त्याचं 1966 पर्यंतचं ऐकलं की झालं, पुढचं ऐकण्यात वेळ घालवू नकोस. तर काका, हे खरं का? उत्तर दोन ओळींतही देता आलं असतं. पण टेनर सॅक्सोफोन हातात घेऊन तुला जेमतेम आठ महिने झालेत, आणि या दिवसांत कानाला जे वळण लागतं ते सहसा जात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती मुलं खोटं बोलत नाहीत. मीही बरीच वर्षं हेच धरून बसलो होतो. माझ्याकडे त्याच्या 'सॅक्सोफोन कलोसस' या रेकॉर्डची कॅसेट होती, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने आणून दिलेली. ती इतकी वाजवली की फीत ताणली जाऊन त्यातलं 'सेंट थॉमस' हे गाणं जवळजवळ अर्धा सूर खाली उतरलं. पुढे सीडी मिळाली तेव्हा रॉलिन्स उगाच चढ्या पट्टीत वाजवतोय असं वाटलं मला! 1978 साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तिथे तो स्वतः येऊन वाजवून गेला. मी तेव्हा अठरा वर्षांचा, सावंतवाडीला आजोळी. परतलो तोवर सगळं आटोपलेलं. ते हुकलं ते हुकलंच, आणि माझं रॉलिन्स ऐकणं कायमचं रेकॉर्डवरचं राहिलं. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते त्याला समोर बसून न ऐकलेल्या माणसाचं आहे. तूही त्यातलीच, म्हणून उपयोगी पडेल.

आधी तरुणपणाचं. ते टाळून पुढे जाता येत नाही. 'सॅक्सोफोन कलोसस' ध्वनिमुद्रित झाली 22 जून 1956 ला, न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत. रॉलिन्स पंचविशीचा. हेरॉइनच्या विळख्यातून सुटून त्याला जेमतेम वर्ष झालेलं. ड्रम्सवर मॅक्स रोच, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स. रोच आणि रॉलिन्स त्या वेळी ज्या बँडमध्ये होते, त्याचा ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन. या रेकॉर्डिंगनंतर चौथ्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून त्या रेकॉर्डचा आनंदीपणा ऐकताना मधेच घशाशी काहीतरी येतं.

'सेंट थॉमस'ची चाल रॉलिन्सने लहानपणी आईकडून ऐकलेली. आईवडील कॅरिबियन बेटांवरून न्यूयॉर्कला आलेले. आता तू एक कर. मूळ चाल संपून सोलो, म्हणजे त्याचं एकट्याचं उत्स्फूर्त वादन, सुरू होतो तिथे थांब आणि पहिले काही बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) दहा वेळा ऐक. तो काय वाजवतो? दोन सूर. बस. तेच दोन सूर पुन्हा, जरा थांबून. मग पुन्हा, जरा आधीच. बोटं कुठेही पळवता येणारा माणूस दोन सुरांशी खेळत बसतो, कारण त्याला त्यांतून पुढचा रस्ता काढायचा आहे. आपल्याकडे गवई बंदिशीचा मुखडा हातचा सोडत नाही, कितीही लांब गेला तरी त्याला धरून परत येतो, तसाच हा माणूस चालीचं बोट धरून चालतो. रागाची बढत आणि हे एकच आहे असं मात्र समजू नकोस. इथे खालून कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सतत बदलत असतात आणि त्यांचा हिशेब त्याला प्रत्येक बारला द्यावा लागतो. पण ऐकणाऱ्याच्या कानाला जी गोष्ट पकडायची आहे ती सारखी आहे: मूळ चाल मनातल्या मनात म्हणत राहायची आणि तो तिच्यापासून किती दूर गेला, कधी परत आला, हे बघत राहायचं.

त्याच रेकॉर्डवरचं 'ब्लू सेव्हन' यासाठी सगळ्यात चांगलं. सुरुवातीला नुसता बास चालतो. मग रॉलिन्स एक वाकडी, अर्धवट वाटावी अशी चाल टाकतो आणि अकरा मिनिटांच्या त्या वादनात पुढे तिचाच कीस काढतो. गुंथर शुलर या संगीतकाराने 1958 मध्ये या एका सोलोवर मोठा लेख लिहिला. एखाद्या सिंफनीची फोड करावी तशी ती फोड होती. त्या लेखाने रॉलिन्सचं नाव आणखी मोठं झालं, पण तो स्वतः अवघडला. आपण काय करतो हे वाचल्यावर ते करताना पाय अडखळायला लागतात. तू सध्या दर सोलोची स्वरलिपी शोधत बसतेस ना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. लिपी नंतर. आधी गाऊन दाखवता आलं पाहिजे.

'वे आउट वेस्ट' आणि 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या न्यूयॉर्कच्या क्लबमधली रेकॉर्ड, दोन्ही 1957 च्या, तू ऐकल्या आहेस, म्हणून त्यांच्यावर लिहीत नाही. फक्त पियानो नसल्याने किती मोकळी जागा तयार झाली आहे ती बघ.

आता मूळ मुद्दा. 1959 च्या उन्हाळ्यात, नाव शिखरावर असताना, या माणसाने कार्यक्रम घेणं बंद केलं. लोक जे बोलतात तेवढं आपलं वाजवणं चांगलं नाही असं त्याला वाटत होतं. तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला राहायचा. भिंतीला भिंत लागलेली घरं, शेजारी गरोदर बाई, तिथे टेनर कसा फुंकणार? म्हणून जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर पायी चालण्याचा जो रस्ता आहे तिथे जाऊन तो रियाज करू लागला. शेजारून आगगाड्या, खाली नदीतल्या बोटींचे भोंगे, वर उघडं आकाश. कधीकधी दिवसाला पंधरा-सोळा तास. दोन वर्षांहून जास्त. 1961 च्या अखेरीस तो परत आला आणि 1962 मध्ये 'द ब्रिज' ही रेकॉर्ड निघाली.

लोकांना वाटलं होतं, हा पुलावरून काहीतरी भलतंच नवीन घेऊन येणार. ती रेकॉर्ड ऐकून पुष्कळ जण हिरमुसले, कारण ती साधी होती. पण ती लावून पहिलं गाणं ऐक. 'विदाउट अ साँग'. 1929 च्या सुमाराचं जुनं गाणं. जिम हॉलची गिटार, बेन रायलीचे ड्रम्स, आणि बासवर बॉब क्रॅनशॉ. हे नाव लक्षात ठेव. साडेसात मिनिटांचं वादन आहे. टेनरचा सूर कोरडा, घट्ट, कुठेही पाझरत नाही. हॉल कमीत कमी वाजवतो आणि रॉलिन्स त्याहून थोडं जास्त. दोन शहाणी माणसं एका टेबलाशी बसून हळू बोलताहेत, असं.

ते पाठ होईपर्यंत ऐक. आठवडाभर दुसरं काही लावू नकोस. मग 2001 ला ये.

11 सप्टेंबर 2001 ला रॉलिन्स एकाहत्तर वर्षांचा होता आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून हाकेच्या अंतरावर, सहा-सात गल्ल्या सोडून, एका उंच इमारतीत राहत होता. इमारत रिकामी करायला लावली तेव्हा तो जवळजवळ चाळीस मजले जिना उतरून खाली आला, हातात फक्त सॅक्सोफोनची पेटी. हवेत ती धूळ. चारच दिवसांनी बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला होता. त्याला रद्द करायचा होता. पाय दुखत होते, मन थाऱ्यावर नव्हतं. बायको ल्यूसिल म्हणाली, जायचं. ती त्याची व्यवस्थापक होती, रेकॉर्डची निर्माती होती, आणि तिचं त्याने ऐकलं.

15 सप्टेंबरला बॉस्टनच्या बर्कली परफॉर्मन्स सेंटरमध्ये तो उभा राहिला. ते मुद्रण 2005 मध्ये बाहेर आलं. पहिलंच गाणं: 'विदाउट अ साँग'. बासवर बॉब क्रॅनशॉ. तोच माणूस, 39 वर्षांनी, आता इलेक्ट्रिक बास घेऊन. ट्रॉम्बोनवर रॉलिन्सचा भाचा क्लिफ्टन अँडरसन. गाणं साडेसातवरून सोळा मिनिटांच्या वर गेलेलं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगायचं तर दोन मिनिटांत बंद केलं. सूर पसरट झालाय, कडा खरखरीत झाल्यात, इलेक्ट्रिक बास कानाला खुपतोय, असं माझं मत झालं. तुझ्या ग्रुपमधली मुलंही इथेच थांबत असणार. सहा महिन्यांनी, पावसाळ्यात, वीज गेलेली असताना एका छोट्या प्लेअरवर सेल घालून पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हा कळलं की मी 1962 चा सूर शोधत होतो. 2001 चा माणूस दुसरंच काहीतरी करत होता. त्याला आता कमी बोलायचं नव्हतं. तो चालीचा एक तुकडा उचलतो, आपटून बघतो, उलटा करतो, मधेच दुसऱ्याच कुठल्या गाण्याची ओळ घुसवतो, फुंक संपत आली असताना आणखी एक वळण घेतो. आणि या सगळ्या गदारोळात मूळ चाल एकदाही हरवत नाही. 'सेंट थॉमस'मधले ते दोन सूर आठव. पद्धत तीच आहे. फक्त आता त्याच्यामागे पंचेचाळीस वर्षं आहेत, आणि छातीत चार दिवसांपूर्वीची धूळ. याच कार्यक्रमातल्या 'व्हाय वॉज आय बॉर्न' या गाण्यातल्या सोलोला पुढे ग्रॅमी मिळालं. मला स्वतःला 'विदाउट अ साँग' जास्त जवळचं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. 1972 पासून पुढे रॉलिन्सने स्टुडिओत जे मुद्रित केलं त्यातलं बरंचसं मलाही कोरडं वाटतं. त्याचा बचाव करणार नाही. त्याला स्वतःचं वादन ऐकणं सोसत नसे; स्टुडिओत मुद्रणाचा लाल दिवा लागला की तो स्वतःकडे बघायला लागायचा. पण संध्याकाळी हजार माणसांसमोर उभा राहिला की तीस-तीस मिनिटं थांबायचा नाही. म्हणून उत्तरायुष्यातला रॉलिन्स मैफिलीत शोधायचा. 'रोड शोज' या नावाने त्याच्या मैफिलींचे चार भाग निघाले, 2008 ते 2016 दरम्यान, त्याच्या स्वतःच्या डॉक्सी या लेबलवर. ल्यूसिल 2004 मध्ये गेली, त्यानंतर हे सगळं त्याने हाताशी घेतलं. पहिल्या भागात 1980 चं वॉर्साचं 'ईझी लिव्हिंग' आहे. रात्री, एकटीने, इअरफोन न लावता ऐक. दुसऱ्या भागात 2010 चा न्यूयॉर्कचा, ऐंशीव्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहे. 'सनीमून फॉर टू' चालू असताना मधेच आल्टो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन येऊन उभा राहतो आणि दोन म्हातारे टेनर-आल्टो घेऊन बराच वेळ एकमेकांना प्रश्न विचारत राहतात. ड्रम्सवर रॉय हेन्स, तो तर पंच्याऐंशीचा.

तिसऱ्या भागात 'पतंजली' नावाची त्याची रचना आहे. दचकू नकोस. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो योग शिकायला मुंबईला आला होता आणि काही महिने पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला होता. तू कॉलेजला जाताना रोज ज्या पवईवरून जातेस, तीच. बसून ध्यान लागत नाही अशी त्याची तक्रार होती. तू वाजवतोस तेच तुझं ध्यान, असं स्वामीजींनी त्याला सांगितलं, हे तो नंतर मुलाखतींतून सांगत असे. तुझ्या रियाजाच्या तक्रारी ऐकल्या की मला ही गोष्ट आठवते.

आणि एक. 2012 नंतर तो लोकांसमोर वाजवू शकला नाही. फुप्फुसांच्या आजाराने, पल्मनरी फायब्रोसिसने, फुंकच उरली नाही. 2014 मध्ये घरीसुद्धा सॅक्सोफोन बंद झाला. ज्याचं ध्यानच वाजवण्यात होतं त्याच्यासाठी हे काय असेल, मला नीट कल्पनाही करता येत नाही. त्याचे सगळे कागद, टेपा, वह्या 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉमबर्ग सेंटर या संशोधन ग्रंथालयाने घेतल्या. तिथेच, हार्लेममध्ये, तो 1930 साली जन्मला होता. त्या वह्यांमधला निवडक भाग 2024 मध्ये छापून आला. बोटं कशी ठेवायची, श्वास, रीड (फुंकताना थरथरणारी पातळ पट्टी), खाणंपिणं, राग कसा आवरायचा, असं सगळं त्यात आहे. जगातला सगळ्यात मोठा टेनरवादक म्हणवला गेलेला माणूस वहीत पुन्हा पुन्हा स्वतःला तेच बजावतो जे मी तुला दर रविवारी सांगतो: लांब सूर आधी, बाकीचं नंतर.

तूही अशी वही सुरू कर. दोनशे पानी, रेघांची. तारीख घाल, किती वेळ लांब सूर धरलास ते लिही, कोणतं गाणं ऐकलंस ते लिही, आणि ऐकताना चाल कुठे हातातून निसटली तेही लिही. मोबाइलमध्ये नको, हाताने.

या रविवारी नेहमीप्रमाणे चारला ये. टेनर आण, पण लगेच पेटी उघडायची नाही. आधी 'ब्लू सेव्हन'ची चाल गाऊन दाखवायची, 12 बारचं पूर्ण आवर्तन, मागे मी नुसता टेबलावर ठेका धरीन. मग दोन्ही 'विदाउट अ साँग' एकामागोमाग लावू. काकू म्हणते आहे की आंबोळ्या करणार आहे, तेव्हा जेवून जायचं. आईला तसं सांग.

तुझा,
काका